गव्हाणे भाऊसाहेबांचा गांजा

गव्हाणे भाऊसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांशी बोलत नसत, कुंडीतल्या झाडाचं पान उलटं करून बघत. रोग पानाच्या पाठीवर दिसतो, हे त्यांचं म्हणणं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मुलाकडची मंडळी दारात उभी, हार कोण घालणार यावर आमची कुजबुज चाललेली, आणि हा माणूस ओट्यावर उकिडवा बसून माझ्या जास्वंदीचं पान डोळ्याशी धरून बसलेला. "नलूताई, मावा पडलाय, मावा!" असं सगळ्यांदेखत ओरडले. व्याही घाबरले. त्यांना वाटलं, घरात काहीतरी साथ आलीय. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ते तंबाखूचं पाणी घेऊन आले आणि जास्वंदीवर फवारून गेले, मला विचारलंसुद्धा नाही.

मी तालुक्याच्या कृषी कचेरीत आवक-जावक सांभाळायची आणि ते कृषी सहाय्यक. आमच्याकडे कृषी सहाय्यक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांनाच लोक भाऊसाहेब म्हणतात, पण गव्हाण्यांना त्यांची बायकोही भाऊसाहेबच म्हणायची. खाकी पिशवी, पिशवीत भिंग आणि दैनंदिनी. दैनंदिनी सगळेच कृषी सहाय्यक ठेवतात. महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवस भरून टाकतात. भाऊसाहेब रोजची रोज लिहायचे आणि खरी लिहायचे. 'आज प्लॉटवर गेलो नाही. पोट बिघडले होते,' असं त्यांनी लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. साहेबांनी बोलावून झापलं तर म्हणाले, "मग काय लिहू? बिघडलं होतं."

काहीही विचारा, त्यांचं ठरलेलं उत्तर, "बघू. आधी प्लॉट बघू." जागा घ्यायची? आधी प्लॉट बघू. मुलीला स्थळ आलंय? आधी प्लॉट बघू. मी वैतागून म्हणायची, अहो, मुलगा आहे तो, तुरीचं वावर नाही. ते हसायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे.

त्यांचं खरं वेड पपईचं. आमच्या भागात पपईच्या बागा त्यांनी उभ्या केल्या म्हटलं तरी चालेल. त्या वेळच्या पपईत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराला फळ धरत नाही, म्हणून शेतकरी चिडून सगळे नर उपटून बांधावर फेकायचा. मग भाऊसाहेब त्याच्या वावरात उभं राहून घसा फोडायचे. "अरे, एक नर ठेव बाबा! दहा माद्यांमागं एक तरी ठेव! सगळेच उपटले तर फळ कशानं धरंल?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की कचेरीत पोरं त्यांची नक्कल करायची. नक्कल चालू असताना ते आत आले, तर रागवायच्या ऐवजी म्हणाले, "बरोबर. पण बारा माद्या असल्या तरी एक पुरतो."

दुसरं म्हणजे बियाणं. कुठल्या प्लॉटचं, कुणी धरलेलं, हे माहीत नसलेलं बी त्यांनी कधी शेतकऱ्याला दिलं नाही. आधी स्वतःच्या परसात लावायचं, उगवण बघायची, मग द्यायचं. त्यात हंगाम निघून जायचा, शेतकरी दुकानातून घेऊन पेरून मोकळा व्हायचा, पण यांनी सोडलं नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, आवडो न आवडो. पिशोरच्या शिवारात दगडूबा म्हणून एक म्हातारा होता. पिशोर माझं माहेर, त्यामुळे मला तो लहानपणापासून ठाऊक. त्याच्या कपाशीत पोलिसांना गांजाची झाडं सापडली. झाडं ओळखायला आणि पंचनाम्यावर सही करायला सरकारी माणूस हवा, म्हणून कचेरीतून भाऊसाहेबांना नेलं. जीपचा ड्रायव्हर नंतर सांगत होता. दगडूबा हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, अंबाडी हाय म्हणा. एक डाव म्हणा." अंबाडीचं पान दिसायला तसंच असतं, फाटलेलं. ठाणेदारसुद्धा शहरातला, त्याला काय कळणार होतं? भाऊसाहेबांनी पान उलटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "गांजा आहे." पोलिसांनी सतरा झाडं मोजली होती. यांनी वावरात फिरून आणखी दोन दाखवली. म्हणाले, एकोणीस आहेत, सतरा लिहिलं तर चुकीचं होईल.

दगडूबा आत गेला. मी तेव्हा भाऊसाहेबांना तोंडावर बोलले होते, की तुमच्या खरं बोलण्याला काडी लावा.  त्यानंतर पिशोरचा सज्जा, म्हणजे त्यांच्याकडची ती गावं, त्यांनी मागून बदलून घेतली.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघंही संभाजीनगरला आलो. छावणीच्या पुढं, पडेगावच्या बाजूला कचेरीतल्या लोकांनी मिळून प्लॉट घेतले होते, त्यात एकाच गल्लीत आमची घरं. त्यांना मूलबाळ नव्हतं. शकूवहिनी आणि ते. वहिनी म्हणजे झोपेचं भांडं. एसटीत बसल्या की झोप, कीर्तनात झोप, लग्नात अक्षता पडायच्या आत झोप. एकदा कन्नडहून येताना त्या झोपल्या आणि यांना वाटलं, उठवायचं कशाला, म्हणून स्टॉप सोडून दोघं पार पुढं गेले आणि परत चालत आले. "अहो, उठवायचं की!" म्हटलं तर म्हणाले, "छान झोपली होती."

त्या शकूवहिनींची झोप गेली.

आधी पाठ दुखते म्हणाल्या. मग तपासण्या, मग ते नाव, जे आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं घेत नाही. मणक्यात उतरलं होतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी भाऊसाहेबांना बाहेर घेऊन सांगितलं, दिवाळी बघतील, पुढचं सांगता येत नाही. दुखणं असं, की त्यांना उताणं होता येईना, कुशीला होता येईना, बसवेना. चोवीस तासांत अर्धा तास डोळा लागला तर लागला. मोठ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या कागदावर सही-शिक्क्याशिवाय मिळत नाहीत. भाऊसाहेब तो कागद घेऊन क्रांती चौकापासून पायी दुकानं पालथी घालायचे. कुणी म्हणे संपल्या, कुणी म्हणे परवा या. मिळाल्या तेव्हा वहिनींना त्या पोटात राहीनात. सगळं उलटून पडायचं आणि उलटीच्या हिसक्यानं मणका आणखी दुखायचा. गोळी बदलली, कातडीवर औषधाची पट्टी लावली, काही दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

मे संपताना एका सकाळी भाऊसाहेब माझ्याकडे आले आणि कुंड्यांकडे न बघता सरळ आत येऊन बसले. 

"नलूताई, दवाखान्यात एक जण भेटला. त्याच्या आईला असंच होतं. तो म्हणाला, गांजा दिला की झोप लागते."

"काय?"

"बरं करायला नाही हो. ते मला कळतं. फक्त झोप."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? या वयात आत जाऊन बसायचंय का? मग वहिनींकडे कोण बघणार, मी?"

"मी घेतला पण," ते म्हणाले. "एक पुडी. स्टेशनकडे गेलो होतो."

गव्हाणे भाऊसाहेब स्टेशनकडे उभं राहून गांजाची पुडी घेतायत, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. मी आवाज खाली आणला. "मग? दिला का वहिनींना? लागली झोप?"

"छे! त्याच्यावर काय काय मारलेलं, कुणाला ठाऊक. वास येत होता औषधाचा. कुठल्या प्लॉटचा, कुणी वाळवला, काही माहिती नाही. मी त्यातलं बी तेवढं निवडून घेतलं आणि बाकीचं मोरीत टाकलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरीचा हात मारून घेतला. बाई तिकडं तळमळतेय, औषध खिशात आलंय, आणि हा माणूस त्यातलं बी निवडतो आणि औषध मोरीत टाकतो!

"भाऊसाहेब, याला तयार व्हायला किती दिवस लागतात?"

"चार महिने. थोडं इकडं-तिकडं."

मग आम्ही दोघांनी बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दिवाळीच्या आत बसत होतं, पण कसंबसं. "बसतंय," ते म्हणाले, "बसतंय, ताई," आणि उठून गेले. जन्मभर लोकांना शेती शिकवलेला माणूस, पण या पिकात अगदी कोरा होता. खात्यानं त्याचं पत्रक कधी काढलं नव्हतं. मोबाइलवर शोधलं तर पोलिसांना लगेच कळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं, म्हणून तिकडंही बघायची सोय नाही.

न्हाणीच्या मागं, दोन पपयांच्या मधल्या जागेत त्यांनी ते लावलं. अकरा बियांतनं सहा उगवल्या. प्रत्येक रोपापाशी काडी, काडीला आकडा, एक ते सहा. आणि दैनंदिनी! निवृत्तीनंतर बंद पडलेली दैनंदिनी त्यांनी पुन्हा चालू केली. मी म्हटलं, अहो, चोर कधी रोजनिशी लिहितो का? पकडले गेलात तर पोलिसांना काही करायलाच नको, वही उघडली की झालं. ते म्हणाले, "लिहिल्याशिवाय मला दिसत नाही." मी वही उघडून बघितली. 'क्र. ३ ला पिवळेपणा. शकूने अर्धी भाकरी खाल्ली.' 'क्र. ५ जोमात. शकू सकाळी चार ते साडेचार.' एका ओळीत रोप आणि एका ओळीत बायको. मी वही मिटली आणि परत ठेवली.

दिवसातून दहा वेळा ते तिथं जाऊन बसायचे. पाणी जास्त झालं म्हणून घाबरायचे, कमी झालं म्हणून घाबरायचे. क्रमांक दोन एका सकाळी मान टाकून बसलं, तर हा माणूस माझ्या दारात येऊन रडायचा बाकी राहिला. शेतकऱ्यांना दटावणारे भाऊसाहेब ते हेच का, असं वाटायचं. "वाढत का नाही हे लवकर?" असं एकदा ते रोपाला म्हणाले. मी ऐकलं. चिडून म्हणाले, एखाद्या माणसाला म्हणावं तसं.

श्रावणात झाडं भिंतीच्या वर आली. भिंतीपलीकडे शबानाआपा राहायच्या. त्यांनी डोकं वर काढून हाक मारली, "भाऊसाहेब, तुमारी अंबाडी तो लई माजली है! दो जुडी तोड लेऊं क्या? खट्टा बनाती."

भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक. "नको नको, आपा! फवारलंय! विष आहे विष!" आणि स्कूटर काढून तडक छावणीच्या बाजारात. तिथनं अंबाडीच्या चार जुड्या आणल्या आणि आपांना नेऊन दिल्या. पुढच्या आठवड्यात आपांनी पुन्हा विचारलं. पुन्हा बाजार. असं तीन महिने चाललं, आणि दर वेळी आपा अंबाडीचं खट्टं वाटीभर वहिनींना पाठवायच्या. वहिनी दोन घास खायच्या. पुष्कळ दिवसांनी मी आपांना म्हटलं, तुम्हाला खरंच अंबाडी वाटली होती? तर त्या माझ्यावरच उखडल्या. "मैं क्या अंधी हूँ, दीदी? अंबाडी को कब्बी इत्ता वास आता? वो बिचारा बोल नै सकता था, तो मैंच पूछती रही. किसी और ने झाँका तो बोलने को तो होना, के हाँ, अंबाडीच है."

भादव्यात झाडांना कळ्या आल्या आणि भाऊसाहेबांची झोप उडाली, होती नव्हती तीही. सहातलं एक मेलं होतं. पाचांपैकी दोन नर निघाले. आता नराचं करायचं काय? पपईचं त्यांना पाठ होतं. पण हे पपई नव्हे. विचारायचं कुणाला? अशी भाजीपाल्यासारखी विचारायची गोष्ट आहे का ही?

"ताई, तुम्ही माहेरी जाणार होता ना?"

"मी? कधी?"

"पिशोरला. मी सोडतो. मला दगडूबाकडे जायचंय."

 नको म्हणावं तर त्यांच्या तोंडाकडे बघवेना. वहिनींजवळ शबानाआपांना बसवलं आणि गेलो.

दगडूबा अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. पार वाळलेला. सुटून येऊन बरीच वर्षं झाली होती. तो आत असताना त्याची बायको गेली, हे मला माहीत होतं. भाऊसाहेबांना माहीत नव्हतं, आणि वाटेत सांगायचा धीर मला झाला नव्हता. त्यानं आम्हाला ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितला. भाऊसाहेब बाजेच्या कडेला बसले आणि इकडचं-तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. बायकोचं दुखणं, पाच झाडं, दोन नर. 

"नर ठेवायचा का काढायचा, एवढंच सांग, दगडूबा."

दगडूबाची दोरी थांबली नाही. "बाई लई दुखण्यात हाय, व्हय?"

"लई."

"माझीबी व्हती. मी तिकडं असताना गेली. पोरानं पत्र धाडलं, ते मला आठ दिसांनी मिळालं."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"दगडूबा," ते कसेबसे म्हणाले, "त्या दिवशी मी जे होतं तेच बोललो."

"व्हय. तुमी खरंच बोलता. समद्या पिशोरला म्हाईत हाय." त्यानं दोरीला पीळ दिला. "मला काय ठावं नाय, भाऊसाहेब. मी कुठं गांजा लावला व्हता? मी तर अंबाडी लावली व्हती."

चहा आला. भाऊसाहेबांनी तो सगळा प्यायला, बशी खाली ठेवली आणि नमस्कार केला. दगडूबानंही हात जोडले. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

येताना चिंचोली मागं पडली. मग भाऊसाहेब स्वतःशीच म्हणाले, "एक काढतो, एक ठेवतो. रीत तीच असणार. नराशिवाय धरंल कशानं?" मी काय सांगणार? मला तरी कुठं काय कळत होतं? त्या संध्याकाळी त्यांनी दोनातला किडका नर उपटला आणि चांगला, तरारलेला नर राखला.

दसऱ्याच्या सुमाराला मी दूध द्यायला गेले, तर ते न्हाणीमागं जमिनीवर बसलेले. हातात एक तुरा, दुसऱ्या हातात भिंग. तळहातावर बिया. तुरा चोळला की बियाच बिया गळत होत्या, दुसरं काहीच नाही.

"ताई," ते म्हणाले, "नर ठेवायचा नव्हता. नर ठेवला म्हणून सगळा जोर बियांत गेला. झोपेचं जे काय असतं, ते यात राहिलंच नाही." आणि हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही. "मी बीजोत्पादनाचा प्लॉट केला. तीन मादी झाडं, उत्तम बीजोत्पादन."

"असेल की थोडं तरी," मी म्हणाले. "अगदीच कसं नसेल?"

"थोडं तरी असेल," ते लगेच म्हणाले. "हो. थोडं तरी असणारच."

बिया काढून राहिलेला पाला त्यांनी वाळवला, तुपात काहीतरी करून त्याचा बोटभर शिरा केला. दुपारचे दोन वाजले होते. मी वहिनींना आधार देऊन बसवलं. वहिनींना सगळं ठाऊक होतं, झाडं लावल्यापासून. त्यांनी शिरा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "साखर कमी पडली, भाऊसाहेब." मग मी त्यांना कुशीवर निजवलं. भाऊसाहेब दारात उभे. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वहिनींचे डोळे मिटले. श्वास संथ झाला.

भाऊसाहेबांनी मला खुणेनं विचारलं. मी मान हलवली. ते पाय न वाजवता मागच्या दारानं गेले. खिडकीतनं मला दिसलं, हात जोडून ते त्या झाडांपुढं उभे होते.

"गेले का?" वहिनी म्हणाल्या.

मी दचकले. त्यांचे डोळे उघडे, टक्क. पांघरुणाखाली माझा हात त्यांनी इतका आवळला होता, की माझ्या बांगडीची खूण मनगटावर उठली.

"वहिनी, तुम्ही..."

"पाठीखाली उशी सरकवा जरा. आई गं... हळू. नाही हो लागत झोप. काही नाही त्यात, पाला आहे नुसता. पण त्यांना सांगू नका. चार महिने ऊन-पाऊस बघितला नाही माणसानं." पावलं वाजली की त्या डोळे मिटायच्या. पावणेतीन तास. कण्हणंसुद्धा गिळलं बाईनं. साडेपाचला त्यांनी डोळे उघडून आळस दिल्यासारखं केलं, आणि भाऊसाहेब लहान मुलासारखे गल्लीभर सांगत सुटले, की शकू झोपली, शकू झोपली.

मग रोज दुपारी तेच. आठ दिवस. ते शिरा द्यायचे, त्या झोपायचं सोंग करायच्या, आणि मी पांघरुणाखाली हात धरून बसायची. पूर्वी निदान ओरडायला तरी मिळायचं त्यांना. यांच्या औषधानं तेही गेलं. रोज मी ठरवायची, आज सांगायचं, आज यांना हलवून सांगायचं, की बंद करा, माणूस मरतंय दुखण्यानं आणि तुम्ही झोप मोजताय. आणि रोज बाहेर आले, की ते त्या आशेनं माझ्याकडे बघायचे, आणि मी म्हणायची, "हो, झोपल्यात." माझ्याइतकी भेकड बाई दुसरी नसेल. नवव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. दिवाळी आठवड्यावर आली होती.

झाडं त्यांनी त्याच दिवशी उपटली. शबानाआपांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांच्याच न्हाणीतल्या बंबात घातली. मातीला आलेल्या लोकांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं. कुणीही काही विचारलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं भाऊसाहेब माझ्या फाटकाशी आले. हातात बॅग. भोकरदनला धाकट्या भावाकडे निघाले होते. भाऊ कधीपासून बोलावत होता. आत या म्हटलं तर आले नाहीत. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"एक विचारायचं होतं, ताई. त्या पहिल्या दुपारी... ती झोपली होती ना?"

"झोपल्या होत्या म्हणजे काय!" मी म्हणाले. खोटं बोलायचं झालं की माझं तोंड जास्त चालतं. "अहो, चांगल्या गाढ! घोरत होत्या की! मला वाटलं, बाहेर तुम्हाला ऐकू जातंय की काय."

ते माझ्याकडे बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. मला तोंड फिरवावंसं वाटलं, पण फिरवता येईना.

"शकू कधी घोरायची नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही नाही."

  त्यांनी दोनदा मान हलवली, मला नव्हे, स्वतःलाच. "आठही दिवस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बॅग उचलून छावणीच्या रस्त्याला लागले.